लुई लॅमूर वाचताना नकाशा जवळ ठेवा

अमेरिकन लेखक लुई लॅमूर म्हणायचा, की माझ्या गोष्टीत झरा आला तर तो झरा खरोखर तिथे आहे आणि त्याचं पाणी पिण्याजोगं आहे. वेस्टर्न कादंबरी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पश्चिमेची गोष्ट, म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या बंदुका, रुंद टोप्या आणि उडणारी धूळ. शंभरावर पुस्तकं, त्यातली बहुतेक याच प्रकारात, लिहिणाऱ्या माणसाने वाचकाला हमी दिली ती पाण्याची. लॅमूरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. गोळीबार त्याच्या आधीच्यांनी आणि नंतरच्यांनीही भरपूर लिहिले. पण घोडा किती चालेल, पुढचा पाणवठा किती लांब आहे, या खिंडीतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, या प्रश्नांवर अख्खी गोष्ट उभी करणारे लेखक फार थोडे.

सुरुवात हिशोबापासूनच करू. घोड्यावरचा माणूस साध्या प्रदेशात दिवसाला तीस ते चाळीस मैल जातो. गुरांचा कळप घेऊन निघाला तर दहा ते पंधरा मैल, कारण गुरं चरत चरत न्यावी लागतात. घाई केली तर बाजारात पोहोचेपर्यंत त्यांच्या अंगावर मांस उरत नाही. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं आणि ॲरिझोनाच्या उन्हात त्याहून जास्त. माणूस कातडी पिशवीतून स्वतःपुरतं पाणी नेऊ शकतो, घोड्यापुरतं नाही. म्हणजे दोन पाणवठ्यांमधलं अंतर साठ मैल असेल तर गोष्टीतला तणाव तिथेच तयार झाला. खलनायक अजून आलेलाही नसतो.

‘लास्ट स्टँड ॲट पापागो वेल्स’ ही १९५७ ची छोटी कादंबरी याचं उत्तम उदाहरण आहे. ॲरिझोनाच्या नैर्ऋत्य टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत ‘एल कामिनो देल दियाब्लो’ नावाचा जुना रस्ता आहे. नावाचा अर्थच सैतानाचा रस्ता. एकमेकांशी काही संबंध नसलेली माणसं तिथल्या एका पाणवठ्यावर जमतात, कारण आसपास दुसरं पाणी नाही. बाहेर अपाची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची एक जमात, आहेत. पाणी सोडून जाता येत नाही आणि थांबून चालत नाही. त्या भागात पावसाचं पाणी खडकातल्या खोल खळग्यांमध्ये साठतं, त्यांना तिनाहा म्हणतात. स्पॅनिशमध्ये तिनाहा म्हणजे रांजण. आपला ‘रांजणखळगा’ हा शब्द त्याला इतका चपखल बसतो की वाचताना मनात तोच येतो. लॅमूर या खळग्यांबद्दल सांगतो तेव्हा वरच्या खळग्यापर्यंत चढावं लागतं, खालचा आधीच रिकामा झालेला असतो, अशा तपशिलासकट सांगतो.

पाणी कसं शोधायचं, हे त्याच्या नायकांकडून शिकण्यासारखं आहे. दूरवर कॉटनवुडच्या झाडांची हिरवी रेघ दिसली तर जमिनीखाली पाणी असतं. संध्याकाळी पारवे एकाच दिशेने सरळ उडत असतील तर ते पाण्याकडे निघालेले असतात. जनावरांच्या दोन पायवाटा एकत्र येऊन जो कोन होतो, त्याचं टोक बहुधा पाण्याच्या बाजूला असतं. मधमाश्या दिसल्या तर पाणी फार लांब नाही. हे सगळं तो उपदेशाच्या सुरात सांगत नाही. घोड्यावरून जाणारा माणूस सहज डावीकडे बघतो आणि दिशा बदलतो. त्याने असं का केलं, ते आपल्याला दोन ओळींनंतर कळतं.

आता नकाशाबद्दल. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. लॅमूरची कादंबरी हाती घेतली की पहिल्या दोन-तीन प्रकरणांत आलेली डोंगरांची, नद्यांची आणि खिंडींची नावं कागदावर काढा. मग त्या भागाचा १:६२,५०० प्रमाणाचा जुना नकाशा शोधा. नवे १:२४,००० चे नकाशे जास्त बारीक आहेत, पण त्यांवर पुष्कळ नवे रस्ते आणि बदललेली नावं आहेत. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा. तुटक निळी रेघ म्हणजे वर्षातला काही काळच वाहणारा ओढा. झऱ्याची खूण म्हणजे छोटं निळं वर्तुळ आणि त्याला वळणदार शेपूट. नायक कुठून निघाला आणि कुठे मुक्कामाला थांबला, ते अंतर पट्टीने मोजा. बहुतेक वेळा ते तीस-चाळीस मैलांच्या आत बसतं.

यात फसगत दोन ठिकाणी होते. काही ठिकाणांना तो त्या काळातलं, आता प्रचारात नसलेलं नाव देतो, त्यामुळे नव्या नकाशावर ते सापडत नाही. दुसरं म्हणजे प्रदेशच बदलला आहे. ग्लेन कॅन्यनच्या धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले, पाणी साठू लागलं आणि युटाहमधल्या कित्येक घळी लेक पॉवेलच्या पाण्याखाली गेल्या. उपसा वाढल्याने काही झरे आटले. तेव्हा नकाशावर झरा सापडला तरी तो आज वाहतोय असं धरून चालू नये. त्याचं पाणी चांगलं होतं, ही हमी कथेच्या काळापुरती समजावी.

‘फ्लिंट’ (१९६०) वाचताना हा उद्योग जरूर करा. न्यू मेक्सिकोत ग्रँट्स गावाच्या दक्षिणेला मालपाइस नावाचा काळ्या लाव्हाचा विस्तीर्ण पट्टा आहे. पायातला बूट काही दिवसांत फाटेल असा धारदार खडक. पण लाव्हा पसरताना काही उंच जागांना वळसा घालून पुढे गेला, आणि त्यामुळे मधे मधे जुन्या मातीची, गवताची आणि झाडांची बेटं शिल्लक राहिली. बाहेरून बघणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही. न्यूयॉर्कमधला एक धनाढ्य माणूस, आपण आता फार दिवसांचे सोबती नाही अशा समजुतीने, मरायला तिथल्या एका बेटावर येतो. ही लपण्याची जागा लेखकाने सोयीसाठी रचली असेल असं वाटतं, आणि मग कळतं की भूगोलाने ती आधीच करून ठेवली होती.

हा माणूस एवढं कुठे शिकला? जन्म २२ मार्च १९०८, नॉर्थ डकोटातलं जेम्सटाउन. मूळ आडनाव लामूर, इंग्रजीत साध्या वळणाचं. फ्रेंच थाटाचं वर्णलेखन त्याने पुढे लेखक म्हणून घेतलं. वडील मोठ्या जनावरांचे डॉक्टर होते, शेतीची यंत्रंही विकायचे. थोरली बहीण एडना ग्रंथपाल होती आणि गावातलं आल्फ्रेड डिकी वाचनालय त्याचं दुसरं घर होतं. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, बँका बुडाल्या, आणि १९२३ च्या हिवाळ्यात कुटुंबाने गाव सोडलं. पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली.

पुढच्या दीड दशकात त्याने केलेल्या कामांची यादी त्याच्या कादंबऱ्यांची सामग्रीच आहे. पश्चिम टेक्सासमध्ये मेलेल्या गुरांची कातडी सोलली. न्यू मेक्सिकोत पेकोस नदीच्या खोऱ्यात गवताच्या गासड्या बांधल्या. ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्नियाच्या खाणींत राबला, वायव्येकडच्या जंगलांत लाकूडतोड केली. मालगाड्यांत लपून देशभर फिरला. व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून इंग्लंड, जपान, चीन, बोर्निओ, इजिप्तपर्यंत गेला. पैशांसाठी मुष्टियुद्धाच्या लढती खेळला. त्याच्याच सांगण्याप्रमाणे ५९ पैकी ५१ जिंकल्या. १८७०-८० च्या काळात तरुण असलेली माणसं तेव्हा म्हातारी होऊन याच गुरवाड्यांवर आणि खाणींवर होती. ती बोलायची, तो ऐकायचा. आणि सतत वाचायचा. ‘एज्युकेशन ऑफ अ वाँडरिंग मॅन’ या आठवणींच्या पुस्तकाच्या शेवटी त्याने १९३० च्या दशकातल्या वाचनाच्या वर्षवार याद्या दिल्या आहेत. त्या चाळल्या तर खलाशाच्या बोचक्यात कुठली पुस्तकं असायची ते दिसतं, आणि वाचक म्हणून आपली मान खाली जाते.

मुष्टियुद्धाचा उल्लेख उगाच केला नाही. त्याच्या मारामाऱ्या वाचा. पिस्तुलाची लढत तो तीन-चार वाक्यांत उरकतो, पण हातघाईची लढाई पानभर चालते आणि ती पायांपासून सुरू होते. कोण कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे, कोण पुढे झुकतोय, पोटातल्या ठोशाने श्वास तुटल्यावर हात कसे खाली येतात आणि मग जबडा कसा उघडा पडतो. मोठा माणूस हरतो तो बहुतेक दम संपल्याने. ज्याने ठोसे खाल्ले आहेत त्यालाच असं लिहिता येतं.

शस्त्रांचंही तसंच. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्वरमध्ये गोळ्यांची सहा घरं असतात, पण शहाणा माणूस पाचच गोळ्या भरतो आणि पिस्तुलाच्या घोड्याखालचं घर रिकामं ठेवतो, कारण भरलेल्या घरावर घोडा टेकलेला असताना पिस्तूल खाली पडलं किंवा खोगिराला आपटलं तर गोळी सुटू शकते. दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. त्याच वर्षीच्या विंचेस्टर रायफलीची काडतुसं पुढे कोल्टलाही चालू लागली, म्हणजे दोन्ही हत्यारांना काडतुसांचा एकच पट्टा पुरतो. लांबच्या प्रवासात ही सोय किती मोठी, ते त्याचा नायक पट्टा भरताना कळतं.

लेखक म्हणून त्याची सुरुवात कवितेपासून झाली. ‘स्मोक फ्रॉम धिस आल्टर’ हा संग्रह १९३९ मध्ये ओक्लाहोमातून निघाला. मग पल्प मासिकं: स्वस्त कागद, भडक मुखपृष्ठ आणि शब्दाला साधारण एक सेंट. तिथे त्याने मुष्टियुद्धाच्या, जहाजांच्या, गुन्हेगारीच्या गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपात इंधन नेणाऱ्या लष्करी ट्रकांच्या तुकडीत अधिकारी होता. १९४६ मध्ये परत आल्यावर लिओ मार्ग्युलीस या संपादकाने त्याला सुचवलं की पश्चिमेच्या गोष्टी लिही, त्यांना मागणी आहे. म्हणजे ज्याला आपण वेस्टर्नचा बादशहा समजतो त्याने या प्रकारात ठाण मांडलं ते अडतिसाव्या वर्षी, आणि तेही बाजार बघून.

त्या काळातलं एक प्रकरण त्याने जन्मभर नाकारलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘टेक्स बर्न्स’ या नावाने होपलाँग कॅसिडी या आधीच गाजलेल्या काउबॉय पात्राच्या चार कादंबऱ्या आल्या, त्या त्याच्या होत्या. मूळ पुस्तकांतला कॅसिडी हा लंगडणारा, शिव्या देणारा, लाल केसांचा रांगडा गडी. सिनेमात विल्यम बॉइडने त्याचा काळ्या कपड्यांतला सभ्य सद्गृहस्थ केला होता. लॅमूरने मूळ माणूस लिहिला आणि प्रकाशकाने बदलून सिनेमातला घ्यायला लावला. स्वतःच्या पात्राच्या तोंडचे शब्द दुसऱ्याने बदलावेत, हे त्याला इतकं लागलं की पुढे कुणी विचारलं तर ‘ती माझी नाहीत’ असंच तो सांगायचा. १९९१ पासून ती पुस्तकं त्याच्या नावाने निघाली. नवख्या वाचकाने त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

नशीब पालटलं ते एका छोट्या गोष्टीने. ५ जुलै १९५२ च्या ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात ‘द गिफ्ट ऑफ कोचीस’ छापून आली. नट जॉन वेन आणि निर्माता रॉबर्ट फेलोज यांनी तिचे चित्रपटाचे हक्क ४,००० डॉलरला घेतले. जेम्स एडवर्ड ग्रँट याने पटकथा लिहिली, आणि कादंबरीचे हक्क लॅमूरकडे राहिल्याने त्या पटकथेवरून त्याने ‘होंडो’ लिहिली. चित्रपट आणि पुस्तक १९५३ मध्ये बरोबरच आले. ही सर्वोत्तम वेस्टर्न असल्याची जॉन वेनची शिफारस मुखपृष्ठावर होती.

दोन्ही रूपं शेजारी ठेवून वाचण्यात गंमत आहे. मूळ गोष्टीत अँजी लो ही बाई दोन मुलांना घेऊन अपाचींच्या मुलखात एकटी तग धरते. तिचा नवरा एल पासोत एका अनोळखी माणसाच्या, चेस लेनच्या, बाजूने उभा राहतो आणि मरतो. लेन ते ऋण मानून तिला शोधत निघतो. कादंबरीत त्याचं नाव होंडो लेन होतं, मूल एकच उरतं, अपाची नायक कोचीसऐवजी व्हिटोरो होतो, आणि नवऱ्याला ठार करणारा खुद्द होंडोच असतो. पहिल्यात कृतज्ञता गोष्टीला पुढे नेते, दुसऱ्यात अपराधाचं ओझं. चित्रपटाच्या दृष्टीने दुसरा बदल जोरकस आहे; मला मात्र पहिली गोष्ट जास्त नितळ वाटते, कारण तिथे माणूस निव्वळ देणं फेडायला एवढा प्रवास करतो. या चित्रपटाला मूळ कथेसाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं, पण कथा आधीच छापलेली असल्याने ते मागे घेतलं गेलं.

लॅमूर ऐन वेळेवर आला होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पल्प मासिकं एकामागून एक बंद पडत होती. पण फॉसेट प्रकाशनाने १९५० मध्ये गोल्ड मेडल ही मालिका सुरू केली होती, जिच्यात कादंबरी पहिल्यांदाच थेट पंचवीस सेंटच्या पेपरबॅकमध्ये यायची आणि लेखकाला विकलेल्या नाही, तर छापलेल्या प्रतींवर पैसे मिळायचे. ‘होंडो’ तिथूनच आली. मग बँटम प्रकाशनाने त्याच्याशी करार केला आणि वर्षाला दोन, नंतर तीन कादंबऱ्या असा रतीब सुरू झाला. बँटमने आणखी एक गोष्ट केली, जी त्याच्या पुढच्या तीस वर्षांना पुरली: त्याचं जुनं पुस्तक बाजारातून जाऊ दिलं नाही. नवं पुस्तक आलं की जुनीही पुन्हा छापायची आणि रॅकवर एकत्र लावायची. एक आवडलं की वाचक पुढचं उचलायचा. १९८८ मध्ये त्याचं निधन झालं तेव्हा १०५ पुस्तकं बाजारात उपलब्ध होती: ८९ कादंबऱ्या, १४ कथासंग्रह, दोन ललितेतर. एकूण खप वीस कोटी प्रतींच्या आसपास होता.

या वेगाची किंमतही होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तो पहाटे उठून टंकलेखन यंत्रावर बसायचा, दिवसाला पाचेक पानं काढायचा, आणि मागे वळून फारसं दुरुस्त करायचा नाही. एका खर्ड्याचं लेखन कुठे फसतं ते त्याच्या पुस्तकांत स्पष्ट दिसतं. एकच माहिती दहा पानांच्या अंतराने दोनदा येते, कारण आदल्या आठवड्यात ती सांगितल्याचं लेखक विसरलेला असतो. सुरुवात झोकात होते, मधला भाग लांबतो आणि शेवट तीन पानांत गुंडाळला जातो. सुरुवातीला महत्त्वाचं वाटलेलं पात्र मधेच नाहीसं होतं. ‘द लोनसम गॉड्स’सारख्या जाड पुस्तकात हे जास्त खुपतं; दीडशे-दोनशे पानांच्या पुस्तकांत गोष्टीचा वेगच दोष झाकून नेतो. म्हणून माझं मत ठाम आहे, की लॅमूर छोट्या आकारात चांगला.

मग कुठून सुरुवात करावी? ‘फ्लिंट’, ‘होंडो’, ‘कॉनाघर’ आणि ‘डाउन द लाँग हिल्स’. ‘कॉनाघर’मध्ये (१९६९) एकाकी पठारावर राहणारी इव्ही टील ही विधवा चिठ्ठ्या लिहिते आणि वाऱ्याने गडगडत जाणाऱ्या वाळक्या झुडपांना बांधून सोडून देते. कुणीतरी त्या वाचेल एवढीच आशा. गोळीबारापेक्षा एकटेपणाबद्दलचीच ही कादंबरी आहे. ‘डाउन द लाँग हिल्स’ (१९६८) मध्ये काफिला मारला गेल्यावर सात वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी एवढीच उरतात, सोबत एक घोडा आणि एक सुरी. थंडी जवळ येत चाललेली. मुलाला जे येतं ते वडिलांनी शिकवलेलं, आणि वडील त्याचा माग काढत मागून येताहेत. तिला वेस्टर्न लेखकांच्या संघटनेचा स्पर पुरस्कार मिळाला, आणि तो योग्य होता.

सॅकेट घराण्यावरच्या कादंबऱ्यांच्या मालिकेबद्दल नेहमी चुकीचा सल्ला दिला जातो: काळाच्या क्रमाने वाचा. सतरा कादंबऱ्या आहेत. काळाच्या क्रमाने पहिली ‘सॅकेट्स लँड’, १५९९ च्या इंग्लंडमधल्या दलदलीच्या फेन्स प्रदेशात सुरू होणारी. पण ती लिहिली १९७४ मध्ये, मालिका सुरू होऊन चौदा वर्षं झाल्यावर. तोवर सॅकेट म्हणजे कोण, टेनेसीच्या डोंगरातलं हे घराणं एका माणसावर संकट आलं की का धावून येतं, हे वाचकाला ठाऊक आहे असं धरून ती लिहिली आहे. नवख्याला बार्नबस सॅकेट हा नुसता एक साहसी इंग्रज वाटतो. उलट ‘द डेब्रेकर्स’पासून (१९६०) सुरुवात केली तर ऑरिन आणि टायरेल हे भाऊ भेटतात, पुढे ‘सॅकेट’मध्ये थोरला टेल. मग ‘लँडो’, ‘मोजावे क्रॉसिंग’ आणि ‘द सॅकेट ब्रँड’. या शेवटच्या पुस्तकात ॲरिझोनातल्या मोगोयॉन कड्याच्या मुलखात टेलवर गोळी झाडली जाते, तो दरीत कोसळतो, त्याची बायको मारली जाते, आणि जिथे जिथे बातमी पोहोचते तिथून सॅकेट घोड्यावर बसून निघतात. घराण्याची ओळख आधी झालेली असेल तरच त्या निघण्याला वजन येतं. सतराव्या शतकातली पुस्तकं त्यानंतर घ्या. ‘जुबल सॅकेट’ (१९८५) सगळ्यात शेवटी. ते संथ आहे आणि त्याचा पुढचा भाग लिहायचा राहून गेला.

मूळ रहिवाशांच्या चित्रणाबद्दल सरळ बोलायला हवं. त्या काळच्या कित्येक वेस्टर्न लेखकांपेक्षा तो अपाची, सू, शायेन यांना जास्त ओळखतो. त्यांचं युद्धकौशल्य, शब्दाला जागणं, प्रदेशाची जाण याबद्दल त्याच्या मनात आदर आहे. पण जमीन जो कसेल आणि वापरेल त्याची, हा युक्तिवाद त्याची पात्रं पुन्हा पुन्हा करतात, आणि ज्यांची जमीन गेली त्यांची बाजू त्या मानाने फारच कमी ऐकू येते. ‘लास्ट ऑफ द ब्रीड’ (१९८६) मध्ये त्याने सू वंशाच्या एका वैमानिकालाच नायक केलं आणि सैबेरियाच्या बर्फात सोडलं. पूर्वजांचं ज्ञान वापरून तो सुटका करून घेतो. बर्फात निवारा, सापळे, चामडं कमावणं, सगळं तपशीलवार. माझ्या मते मोठ्या पुस्तकांतलं हे सर्वांत बांधेसूद.

मानसन्मान उशिरा आले. ‘बेंडिगो शाफ्टर’ला १९८० मध्ये अमेरिकन बुक ॲवॉर्ड मिळालं, वेस्टर्नसाठी वेगळा विभाग त्या एकाच वर्षी होता. वायोमिंगमध्ये एक गाव शून्यातून उभं राहतं त्याची ही गोष्ट, आणि हिवाळ्याआधी लाकडी घरं उभी करण्याची सुरुवातीची पानं तिच्यात सगळ्यात सरस आहेत. १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला काँग्रेसचं सुवर्णपदक दिलं आणि १९८४ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. कोलोरॅडोत दुरांगोजवळ एकोणिसाव्या शतकातलं आख्खं गाव उभारण्याचं त्याचं स्वप्न मात्र पैशांअभावी राहिलं. दुरांगोत स्ट्रेटर हॉटेलमधली २२२ क्रमांकाची त्याची खोली अजून दाखवतात. बरोबर खाली मद्यालय, आणि तिथला पियानो लिहिताना ऐकू यावा म्हणून तो तीच मागायचा.

१० जून १९८८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. आयुष्यात धूम्रपान केलं नव्हतं. आठवणींच्या पुस्तकाचं काम अखेरपर्यंत चालू होतं.

पुस्तकं विकत घेताना एक इतिहास ठाऊक असलेला बरा. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात २८ वर्षांनी स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करावं लागायचं. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या मासिकांतल्या बऱ्याच कथांचं ते झालं नव्हतं. १९८३ मध्ये एका प्रकाशकाने लॅमूरच्या परवानगीशिवाय अशा कथांचे दोन संग्रह काढले. बँटमने घाईने त्याच नावांचे अधिकृत संग्रह बाजारात आणले आणि लॅमूरने त्यांत जागोजागी टिपणं घातली: हा रस्ता खरा कुठला, अशा तंट्यात काय व्हायचं वगैरे. म्हणून त्यांतलं ‘लॉ ऑफ द डेझर्ट बॉर्न’ घ्यायचं तर बँटमचंच घ्यावं. ती टिपणं दुसऱ्यात नाहीत.

कादंबऱ्यांच्या बाबतीत २०१७ नंतरच्या, ‘लॉस्ट ट्रेझर्स’ असा शिक्का असलेल्या आवृत्त्या बघा. मुलगा बो लॅमूर याने त्यांत शेवटी जोडलेल्या लेखांत जुने खर्डे, पत्रं आणि पुस्तक कसं घडलं याचा वृत्तांत आहे. वडिलांनी १९३० च्या दशकात सुरू करून सोडलेली ‘नो ट्रॅव्हलर रिटर्न्स’ ही जहाजावरची कादंबरीही त्यानेच पुरी करून २०१८ मध्ये आणली. वेस्टर्नच्या आधीचा, मालगाड्यांतला आणि बंदरांतला लॅमूर हवा असेल तर तिच्याआधी ‘यॉन्डरिंग’ हा कथासंग्रह वाचा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची १९८० ची आवृत्ती जास्त दिसते. १९८९ ची सुधारित मिळाली तर ती घ्या, पहिल्या आवृत्तीत नसलेल्या काही कथा तिच्यात आहेत.